दोन इलेक्ट्रॉनांची उणीव

आमच्या आजीच्या फडताळात एक बुटकी बाटली असे. तिच्यात टाकणखाराची लाही. लहान मुलाचं तोंड आलं की ती लाही मधात खलून बोटाने लावायची, ही घरोघरची रीत. सोनार सोन्याचा सांधा जोडण्याआधी त्यावर टाकणखार लावतो, तो वितळून धातूवरचा मळ आपल्यात घेतो. आणि कॅरमच्या सोंगट्या सरकाव्यात म्हणून आपण जी पावडर भुरभुरतो, तीही त्याच घराण्यातली. टाकणखार पूर्वी तिबेट-लडाखकडच्या खाऱ्या तळ्यांकाठून मेंढ्यांच्या पाठीवरून खाली येई. संस्कृतात त्याला टंकण म्हणत.

या सगळ्या ओळखीच्या वस्तूंत बोरॉन हे मूलद्रव्य आहे आणि दर ठिकाणी ते प्राणवायूशी जखडलेलं आहे. निसर्गात बोरॉन जवळजवळ नेहमी असाच भेटतो. म्हणूनच त्याचा खरा स्वभाव शेकडो वर्षं कुणाला कळला नाही. प्राणवायूपासून सोडवून त्याला हायड्रोजनशी बांधलं तर काय होईल, नायट्रोजनशी बांधलं तर काय, हे प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी नीट विचारले गेले. त्या प्रश्नांमागे लागलेल्या माणसाने त्याची जी किंमत मोजली, ती रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सहसा एका ओळीपलीकडे येत नाही.

आल्फ्रेड स्टॉक यांचा जन्म १८७६चा, डॅन्झिगचा. आज ते गाव पोलंडमध्ये आहे आणि त्याला ग्दान्स्क म्हणतात. बर्लिनला एमिल फिशर यांच्याकडे शिक्षण, मग पॅरिसला आंरी म्वासाँ यांच्या प्रयोगशाळेत उमेदवारी. १९०९मध्ये ब्रेस्लाऊला प्राध्यापक झाल्यावर त्यांनी बोरॉन-हायड्रोजनच्या संयुगांना हात घातला. त्यांच्याआधी अनेकांनी अशी संयुगं सापडल्याचं जाहीर केलं होतं. विल्यम रॅमझीसारख्या मोठ्या माणसानेही १९०१मध्ये एक सूत्र मांडलं होतं. त्यातलं फारसं काही पुढे टिकलं नाही. कारण साधं होतं. ही संयुगं हाताळताच येत नव्हती.

मॅग्नेशियम आणि बोरॉन यांचं संयुग आम्लात टाकलं की वायूंचं एक मिश्रण निघतं. त्यात मुख्यतः हायड्रोजन, आणि अगदी थोडा अंश या नव्या पदार्थांचा. तो हवेत आला की पेट घेतो आणि हिरवी ज्योत दिसते. पाण्याशी गाठ पडली की मोडतो. काचेच्या तोट्यांना लावलेलं ग्रीसही तो सोडत नाही. म्हणजे हवा नको, पाणी नको, तोटी नको, आणि तरीही मोजमाप हवं.

स्टॉक यांनी काचेच्या नळ्यांची एक बंदिस्त यंत्रणा उभी केली. आतली हवा पंपाने काढून टाकलेली. वायू एका भांड्यातून दुसऱ्यात न्यायचा तर त्या भांड्याला द्रवरूप हवेने गारठवायचं. वायू आपसूक तिकडे जाऊन गोठतो. मग तापमान सावकाश चढवत एकेक पदार्थ वेगळा करायचा. आणि तोट्यांच्या जागी पारा. नळीत पारा वर चढला की वाट बंद, खाली उतरला की उघडी. पाऱ्याच्या झडपा, पाऱ्याचे पंप, पाऱ्याचे दाबमापक. या यंत्रणेत त्यांनी काही घन सेंटिमीटर वायूवर वर्षानुवर्षं काम केलं. १९१२मध्ये पहिला निबंध निघाला. पुढच्या काळात सहा संयुगं त्यांनी पक्की ओळखली. त्यांपैकी सर्वांत लहान डायबोरेन: बोरॉनचे दोन अणू, हायड्रोजनचे सहा. सर्वांत मोठ्यात बोरॉनचे दहा आणि हायड्रोजनचे चौदा. ते पांढरं, स्फटिकरूप.

सूत्र कसं ठरवलं, तेही पाहण्यासारखं आहे. डायबोरेन पाण्याशी पूर्ण मोडू दिला की बोरिक आम्ल आणि हायड्रोजन मिळतात. एक माप डायबोरेन दिला की सहा मापं हायड्रोजन परत येतो. सहाच्या जागी साडेपाच आला तर कुठेतरी गळती आहे किंवा मिश्रण आहे. स्टॉक असा हिशेब सोडून देणाऱ्यांतले नव्हते.

एक हिशेब मात्र त्यांनी बराच काळ सोडून दिला, तो स्वतःच्या शरीराचा. डोकं दुखायचं, भोवळ यायची, नाक सतत चोंदलेलं. नाकाच्या डॉक्टरांकडे खेटे झाले, उपचार झाले, शस्त्रक्रियाही झाली. मग स्मरण जाऊ लागलं. टेलिफोनच्या पुस्तकात नंबर पाहायचा आणि टेलिफोनपर्यंत पोचेतो तो विसरायचा. वाचलेलं पुस्तक, पाहिलेलं नाटक मनातून पुसून जायचं. आकडेमोड जड जाऊ लागली, बुद्धिबळ जमेना. ज्याचं सारं आयुष्य आकड्यांवर उभं, त्याच्या हातून आकडे निसटू लागले. व्याख्यान देणं हीच शिक्षा झाली. त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेत वावरणाऱ्यांनाही कमीअधिक तेच होत होतं, पण प्रत्येकाला वाटे की आपल्याला थकवा आला असेल, सर्दी झाली असेल.

१९२४मध्ये बर्लिनचे विषतज्ज्ञ लुई लेविन यांनी पाऱ्याकडे बोट दाखवलं. खोलीच्या फटींत, टेबलाखाली, फरशीवर सांडलेल्या पाऱ्याच्या बारीक थेंबांची वाफ ही माणसं पाव शतक श्वासात घेत होती. या वाफेला वास नाही, रंग नाही. पारा विषारी असतो हे तेव्हाही ठाऊक होतं, पण त्याची इतकी थोडी वाफ इतक्या सावकाश माणसाला पोखरते, हे कुणी मनावर घेतलं नव्हतं.

स्टॉक यांनी यानंतर जे केलं त्याचं मला विशेष वाटतं. १९२६मध्ये त्यांनी एका रसायन-नियतकालिकात पाऱ्याच्या वाफेच्या धोक्याविषयी दीर्घ लेख लिहिला आणि त्यात आपली अवस्था जगापुढे उघडी केली. ज्याच्या बुद्धीवर त्याचं पद अवलंबून आहे असा प्राध्यापक आपलं स्मरण गेल्याचं छापून सांगतो, ही सोपी गोष्ट नाही. लेखात त्यांनी दातांत भरल्या जाणाऱ्या पारामिश्रित चांदीवरही आक्षेप घेतला, आणि त्यावरून जर्मनीत मोठा वाद पेटला. आपल्या दातांतलं भरण त्यांनी काढून टाकलं. पुढे कार्ल्सरूहेला हवेतला आणि माणसाच्या लघवीतला पारा मोजायच्या अतिसूक्ष्म रीती त्यांनी बसवल्या. शोधायचं काय ते बदललं होतं, मोजण्याची शिस्त मात्र तीच.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी. १९३३मध्ये स्टॉक नाझी पक्षाचे सभासद झाले, आणि १९३६ ते १९३८ या वर्षांत ते जर्मन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. त्या काळात जर्मन विज्ञानसंस्थांतून ज्यू शास्त्रज्ञांना काढून टाकलं जात होतं. पाऱ्याच्या बाबतीत इतरांच्या जिवाची काळजी वाहणारा हाच माणूस. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

पण डायबोरेनकडे परत येऊ, कारण खरा गोंधळ तिथे होता.

दोन अणू एकमेकांना धरून राहतात ते बहुधा इलेक्ट्रॉनांच्या एका जोडीमुळे. एक बंध म्हणजे दोन इलेक्ट्रॉन, ही गिल्बर्ट लुईस यांची १९१६ची शिकवण. इथेन या वायूत कार्बनचे दोन अणू आणि हायड्रोजनचे सहा. त्यात सात बंध लागतात, म्हणजे चौदा इलेक्ट्रॉन, आणि कार्बनचे आठ व हायड्रोजनचे सहा मिळून चौदा बरोबर भरतात. डायबोरेनचं सूत्र अगदी इथेनसारखं दिसतं. पण बोरॉनकडे बंधासाठी तीनच इलेक्ट्रॉन. दोघांचे सहा, हायड्रोजनचे सहा, एकूण बारा. दोन कमी. हिशेबाने हा रेणू असायलाच नको होता. आणि तो तर स्टॉक यांच्या नळ्यांत गोठत होता, उकळत होता, मोजला जात होता.

यावर १९२१मध्ये वाल्टर डिल्थाय यांनी वेगळंच चित्र सुचवलं होतं. हायड्रोजनचे चार अणू टोकांना, आणि उरलेले दोन मधे, दोन्ही बोरॉनांना जोडणाऱ्या पुलासारखे. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. हायड्रोजन एका वेळी एकाच अणूशी बांधला जातो, हे शाळेतच शिकवलेलं. दोन घरी नांदणारा हायड्रोजन ही कल्पनाच विचित्र वाटे. बहुतेकांनी इथेनसारखी आकृती मनात धरली आणि कमी पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची सोय लावायच्या वाटा शोधल्या. लायनस पॉलिंग यांनी एका इलेक्ट्रॉनाचे बंध कल्पिले. १९३७मध्ये सायमन बाउअर यांनी वायूवर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून आकृती तपासली आणि निष्कर्ष इथेनच्या बाजूने काढला. झोताने पडणारी वर्तुळं तेव्हा डोळ्यांनी वाचली जात, आणि डोळ्यांना काय अपेक्षित आहे याचा परिणाम वाचनावर होणारच. पॉलिंग यांचं नाव आणि उपकरणाची साक्ष एकत्र आल्यावर प्रश्न मिटल्यासारखा झाला.

मिटला मात्र नव्हता. शिकागोला हर्मन श्लेझिंगर यांच्या प्रयोगशाळेत एक साधी गोष्ट आढळली होती. डायबोरेनमधले हायड्रोजन काढून त्यांच्या जागी मिथिल गट बसवत गेलं तर एक, दोन, तीन, चार बसतात. पाचवा बसत नाही. सहाही हायड्रोजन सारखे असते तर चारावर थांबायचं कारण नव्हतं. चार एका जातीचे आणि दोन वेगळ्या जातीचे, हे त्या पदार्थाने १९३५मध्येच सांगून टाकलं होतं. पुढे फ्रेडरिक स्टिट यांनी उष्णता मोजून दाखवलं की रेणूची दोन टोकं इथेनइतकी सहज फिरत नाहीत. दोघांना मधे कशाने तरी धरून ठेवलं होतं.

१९४३मध्ये, युद्धाच्या ऐन धुमाळीत, लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध आला. लेखक दोन: ऑक्सफर्डचे प्राध्यापक आर. पी. बेल आणि त्यांचा बेलियल कॉलेजातला विद्यार्थी ख्रिस्टोफर लाँगेट-हिगिन्स. विद्यार्थ्याचं वय वीस. पदवीही हातात नव्हती. ऑक्सफर्डला विद्यार्थी दर आठवड्याला निबंध लिहून शिक्षकासमोर वाचतो; त्या शिकवणीतून पुलाची कल्पना नव्याने वर आली आणि शिक्षकाने ती हसण्यावारी न नेता त्याच्याबरोबर पुढे नेली. मला या गोष्टीत विद्यार्थ्याइतकंच बेल यांचं कौतुक वाटतं. पॉलिंग एकीकडे आणि वीस वर्षांचा पोरगा दुसरीकडे असताना पोराचं म्हणणं तपासून पाहायला निराळं धैर्य लागतं. सोव्हिएत रसायनज्ञांनीही साधारण याच सुमारास पुलाची बाजू घेतली होती, पण युद्धकाळात तिकडचे आवाज इकडे क्वचित पोचत.

पुढची दोघांची मांडणी अशी होती, की अशा रेणूचे अणू कसकसे थरथरतील आणि त्याचा अवरक्त प्रकाशात कसा ठसा उमटेल, हे आधीच काढता येतं. १९४७-४८मध्ये डब्ल्यू. सी. प्राइस यांनी प्रत्यक्ष ठसा घेतला तो पुलाशीच जुळला. १९५१मध्ये केनेथ हेडबर्ग आणि व्हर्नर शोमेकर यांनी पुन्हा इलेक्ट्रॉनांचा झोत वापरून अंतरं काढली. टोकाचा हायड्रोजन बोरॉनपासून १.१९ अँगस्ट्रॉमवर, पुलावरचा १.३३ अँगस्ट्रॉमवर. (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग.) ही मोजणी पॉलिंग ज्या संस्थेत होते त्या कॅलिफोर्नियाच्या संस्थेतच झाली, ही मला आवडणारी बाब.

मग कमी पडणाऱ्या दोन इलेक्ट्रॉनांचं काय झालं? काहीच नाही. ते कमी नव्हतेच. टोकाचे चार बंध आठ इलेक्ट्रॉन घेतात. उरले चार. दोन पुलांना प्रत्येकी एक जोडी. एक पूल म्हणजे दोन बोरॉन आणि एक हायड्रोजन, तीन अणू आणि मधे एकच जोडी. दोन भाकऱ्या तिघांनी मोडून खाव्यात तसं. चूक हिशेबात नव्हती, एक जोडी दोघांतच वाटायची या गृहीतकात होती. विल्यम लिप्सकॉम्ब यांनी नंतर अतिथंड स्फटिकांवर क्ष-किरण टाकून मोठ्या संयुगांच्या आकृत्या काढल्या. टोपल्या, घरटी, पिंजरे, अशी त्यांची रूपं निघाली, आणि तीन अणूंच्या बंधाचा नियम त्या सगळ्यांना लागू पडला. १९७६चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. स्टॉक यातलं काही पाहू शकले नाहीत. युद्ध संपताना त्यांना सायलेशिया सोडून पळावं लागलं आणि ऑगस्ट १९४६मध्ये एल्ब नदीकाठच्या आकेन या लहान गावी ते वारले.

नायट्रोजनची कथा याला जोडूनच आहे. बोरॉनला इलेक्ट्रॉन हवे असतात आणि नायट्रोजनकडे एक जोडी रिकामी असते, त्यामुळे दोघांचं सूत चटकन जमतं. १९२६मध्ये स्टॉक आणि एरिक पोलांड यांनी डायबोरेन आणि अमोनिया एकत्र तापवून एक बिनरंगी द्रव मिळवला. बोरॉनचे तीन, नायट्रोजनचे तीन अणू आलटून पालटून, षट्कोनात. नाव बोराझीन. त्यातले सर्व बंध सारख्या लांबीचे, १.४४ अँगस्ट्रॉमचे, बेंझीनमधले १.४०चे. दिसायला इतकं सारखं की त्याला अजैव बेंझीन म्हणू लागले. पण नावाने फसू नये. बेंझीनच्या कड्यात इलेक्ट्रॉन समान वाटलेले असतात, बोराझीनच्या कड्यात ते नायट्रोजनकडे झुकलेले. त्यामुळे ज्या हायड्रोजन क्लोराइडला बेंझीन दाद देत नाही, तो बोराझीनच्या कड्यावर सहज चढून बसतो.

हाच फरक आणखी ठळक दिसतो तो अमोनिया-बोरेनमध्ये. इलेक्ट्रॉनांच्या हिशेबाने हा इथेनचा जुळा भाऊ. इथेन उणे ८९ अंशांना उकळतो, हा मात्र साध्या हवेत पांढरा घन पदार्थ. कारण बोरॉनवरचे हायड्रोजन किंचित ऋण, नायट्रोजनवरचे किंचित धन. शेजारच्या रेणूंचे हायड्रोजन एकमेकांना ओढून धरतात. वजनाच्या जवळजवळ पंचमांश त्यात हायड्रोजनच आहे, म्हणून इंधन साठवणाऱ्यांची नजर अलीकडे त्याच्यावर असते. बोरॉन-हायड्रोजनच्या इंधनांचं वेड अमेरिकी हवाई दलाला १९५०च्या दशकातही लागलं होतं. १९५९मध्ये तो बेत गुंडाळला. विषारी, पेटणारं आणि इंजिनात घट्ट थर सोडणारं इंधन कोण किती दिवस सांभाळणार?

स्टॉक यांच्या कामाचा खरा वारसा मात्र एका स्वस्त पुस्तकातून पुढे गेला. १९३२मध्ये कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी व्याख्यानं दिली, ती पुढच्या वर्षी बोरॉन आणि सिलिकॉनच्या हायड्राइडांवरचं पुस्तक म्हणून छापली गेली. १९३६मध्ये शिकागोला हर्बर्ट ब्राउन नावाचा मुलगा पदवीधर झाला. त्याचे आईवडील युक्रेनमधून आलेले ज्यू. वडील लवकर गेल्याने त्याने काही काळ दुकान चालवलेलं. मैत्रीण सेरा बेलेन हिने पदवीची भेट म्हणून त्याला स्टॉक यांचं पुस्तक दिलं. हेच का? मंदीचे दिवस होते आणि विद्यापीठाच्या दुकानातलं ते सर्वांत स्वस्त रसायनाचं पुस्तक होतं, दोन डॉलरच्या आसपास. ते वाचून ब्राउन श्लेझिंगर यांच्याकडे डायबोरेनवर काम करायला गेले. तेव्हा हा वायू जगात दोनच ठिकाणी बनत असे, कार्ल्सरूहेला आणि शिकागोला, तोही एक ग्रॅमपेक्षा कमी. नाझी पक्षाच्या सभासदाने लिहिलेलं पुस्तक एका ज्यू निर्वासितांच्या मुलाचं आयुष्य ठरवून गेलं. सेरा पुढे सेरा ब्राउन झाली.

युद्धात श्लेझिंगर आणि ब्राउन यांना युरेनियमचं सहज बाष्प होणारं संयुग शोधायचं काम मिळालं. त्यातून सोडियम बोरोहायड्राइड निघालं. ते स्फटिकरूपात शुद्ध करायला योग्य द्रावक शोधताना कुणीतरी ॲसिटोन घातलं, आणि ॲसिटोन जोरात तापून त्याचं अल्कोहोल झालं. द्रावकाच्या शोधातच पदार्थाचा खरा उपयोग कळला. गुप्ततेमुळे हे १९५३पर्यंत छापता आलं नाही. आज औषधांच्या कारखान्यांत ही पांढरी भुकटी रोजची आहे.

आणि मग २.३७ हा आकडा. १९५५च्या सुमारास पर्ड्यू विद्यापीठात ब्राउन यांच्याकडे बी. सी. सुब्बाराव हे भारतीय रसायनज्ञ काम करत होते. सोडियम बोरोहायड्राइडमध्ये ॲल्युमिनियम क्लोराइड मिसळून ते निरनिराळी एस्टरं तपासत. प्रत्येक एस्टर हायड्राइडचे दोन भाग घेई. इथिल ओलिएटने घेतले २.३७. पदार्थात भेसळ असेल, असं म्हणून पुढे जाणं सोपं होतं. पण दोघांनी तो वरचा ०.३७ कुठे जातो ते शोधलं. ओलिएटमध्ये कार्बन-कार्बनचा दुहेरी बंध आहे, आणि बोरॉन-हायड्रोजनचा बंध त्या दुहेरी बंधावर सरळ जाऊन बसत होता. ईथरमध्ये हीच क्रिया साध्या तापमानाला क्षणात होते, हे त्यानंतर दिसलं. १९५६मध्ये दोघांच्या नावाने निबंध निघाला. त्या क्रियेसाठी आणि तिच्यातून फुटलेल्या शाखांसाठी ब्राउन यांना १९७९चं नोबेल मिळालं.

सुब्बाराव पुढे पुण्याला, पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले, आणि तिथेही त्यांनी बोरॉनचंच काम चालू ठेवलं.